७२० पैकी किती गुणांचा डॉक्टर?

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. डावीकडे खुल्या प्रवर्गाचा कटऑफ, उजवीकडे अनुसूचित जमातीचा, आणि खाली सवाल: 'तुमच्या आईचं ऑपरेशन यांपैकी कोणाकडून करून घ्याल?' तासाभरात त्याला उत्तर येतं की नीट म्हणजे नुसती घोकंपट्टी, क्लासवाल्यांचा धंदा, डॉक्टरकीशी तिचा काडीचा संबंध नाही, ती बंदच करा. दोन दिवस हमरीतुमरी होते, कोणीतरी ग्रुप सोडतो, आणि पुढच्या वर्षी तोच मजकूर नवे आकडे घालून परत येतो. या भांडणात मला कोणाचीच बाजू घेता येत नाही, कारण मूळ प्रश्नाला दोघंही बगल देतात. प्रवेश परीक्षा पुढच्या यशाचा अंदाज देते की नाही, यावर वाद घालताना यश म्हणजे काय धरलंय? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नीट निरर्थक नाही. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकांच्या ओझ्याखाली कोण दबेल, याचा अंदाज अशा परीक्षेतून बऱ्यापैकी येतो. पण एका रेषेच्या वर गेल्यावर ६१० आणि ६४० यांतल्या फरकावरून चांगला डॉक्टर कोण होईल ते कळत नाही, आणि आपल्याकडे सगळी मारामारी त्या तीस गुणांवरच चालते. तेव्हा परीक्षा राहू द्या, पण उंबरठ्यापुरती. उंबरठा ओलांडून आलेल्यांतून कोणाला घ्यायचं, हे ठरवताना त्या जिल्ह्याला कसला डॉक्टर हवा आहे हा प्रश्न विचारात घ्यायलाच हवा.

आधी नीटच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करू. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी एमकॅट नावाची परीक्षा असते. तिच्यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एमकॅटचे गुण आणि सुरुवातीच्या वर्षांतली कामगिरी यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.३९ निघाला, परवान्याच्या पहिल्या लेखी परीक्षेशी तर ०.६०. माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल एका दिवसाच्या परीक्षेतून इतकं कळत असेल, तर ते थोडं नाही. ब्रिटनमध्येही शाळेच्या शेवटच्या परीक्षेतल्या श्रेणींचा माग डॉक्टर झाल्यानंतरच्या परीक्षांपर्यंत काढता येतो. त्यामुळे 'काडीचा संबंध नाही' हे विधान टाळ्या घेण्यापुरतं ठीक आहे.

दुसरी कबुली जरा तांत्रिक आहे, पण नीटविरोधक तिथेच घसरतात. ते म्हणतात, कॉलेजात बघा, नीटला वर असलेली मुलं मागे पडतात आणि खालची पुढे जातात, मग परीक्षेला अर्थ काय राहिला? पोलीस भरतीचं मैदान आठवा. १६०० मीटर धावून आत आलेल्या शिपायांमध्ये पुढे चांगला शिपाई कोण निघतो याचा धावण्याच्या वेळेशी फारसा मेळ बसणार नाही. म्हणून धावण्याची चाचणीच काढून टाका, असं कोणी म्हणत नाही, कारण जे धावूच शकले नाहीत ते या तुलनेत आलेलेच नाहीत. वैद्यकीय प्रवेशाचं तसंच आहे. वीस लाखांहून जास्त मुलं परीक्षा देतात. आपण तुलना करतो ती आत आलेल्या मूठभरांची, आणि ती सगळी आधीच वरच्या टोकाची असतात. संशोधक हा दोष हिशेबात धरून आकडा दुरुस्त करतात, आणि दुरुस्तीनंतर परीक्षेचं वजन वाढतं.

इथपर्यंत मी नीटवाल्यांच्या बरोबर आहे. पण ज्या युक्तिवादानं परीक्षा वाचते, त्यानंच रँकची मिजास उतरते. लाखो मुलांच्या पूर्ण रांगेत परीक्षा चांगली चाळणी असेल, तर त्याच कारणानं वरच्या अरुंद पट्ट्यात ती बोथट असणार. आणि प्रवेशाचा निर्णय तर त्या पट्ट्यातच होतो. शिवाय ज्या आढाव्यात ०.३९ आणि ०.६० आले, त्यातच विद्यार्थी पुस्तकाकडून वॉर्डाकडे सरकतात तसा एमकॅटचा प्रभाव उतरत जातो. परीक्षा सगळ्यात चांगला अंदाज देते तो पुढच्या परीक्षेचा. शरीररचनाशास्त्राच्या पेपरात ती उपयोगी पडते. रात्री दोनला आलेल्या बाळंतिणीचा रक्तदाब बघून वेळेवर निर्णय घेणं, नातेवाइकांना खरं सांगणं, चूक झाली तर लपवाछपवी न करणं, यांबद्दल ती जवळजवळ मुकी आहे.

पेपर कसा असतो तेही बघा. १८० प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. म्हणजे एका गोळ्याची जागा चुकली की पाच गुणांचा फरक, आणि मधल्या पट्ट्यात पाच गुण म्हणजे हजारो मुलं मागे. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर नव्यानं ठरलं आणि वाढीव गुणांचा घोळ निस्तरला, तेव्हा त्यातले १७ उरले. पुढच्याच वर्षी पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. गुण बदलतात पण क्रम महत्त्वाचा, हे उत्तर मला मान्य आहे. पण एका प्रश्नाचं उत्तर बदलल्यावर चाळीसहून जास्त 'पैकीच्या पैकी' खाली येत असतील, तर त्या क्रमातल्या एकेका पायरीला गुणवत्ता म्हणायला हिंमत लागते.

आणि त्या पायऱ्या चढायला काय लागतं? शहादा, शिरपूर, चोपडा, पाचोरा कुठेही जा, बारावीनंतर 'रिपीट करतोय' हे उत्तर आता 'कॉलेजला जातोय' इतकंच साधं झालंय. लातूर, नाशिक, कोटा; होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, आणि २०२२ मध्ये वयाची वरची अटही गेली. तिसऱ्या प्रयत्नात ६२० मिळवणारा मुलगा चिकाटीचा असतो, हे कबूल, आणि डॉक्टरला चिकाटी लागतेच. पण धडगावच्या आश्रमशाळेतून पहिल्याच प्रयत्नात ५०० मिळवणाऱ्या मुलीची क्षमता त्याच्यापेक्षा कमी, असं त्या दोन आकड्यांवरून कोण छातीठोकपणे म्हणेल? त्याच्या आकड्यात दोन वर्षांचा खर्च मिसळलेला आहे, तिच्या आकड्यात घरातल्या पावरी बोलीपासून इंग्रजी पुस्तकापर्यंतचं अंतर. पेपर मराठीतूनही देता येतो, पण पुढचं शिक्षण इंग्रजीतून असल्यानं आणि क्लासही त्याच भाषेत चालत असल्यानं आमच्याकडची बहुतेक मुलं इंग्रजीच निवडतात.

हा वाद नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या संचालकांच्या मर्जीनं, भाच्या-पुतण्यांना वाटल्या जायच्या. १८५५ पासून त्याऐवजी खुली स्पर्धा परीक्षा आली, आणि वशिल्याच्या तुलनेत ती शंभर पटींनी बरी होती. त्या परीक्षेमुळेच १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी) झाले. पण परीक्षा लंडनला, ग्रीक-लॅटिनला भरघोस गुण, आणि १८७८ पासून वयाची मर्यादा १९ वर आणलेली. पेपर सगळ्यांना एकच होता. तिथवर पोचायचा रस्ता मात्र एकाला घराबाहेर पडताच लागे आणि दुसऱ्याला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागे. (अरविंद घोष लेखी परीक्षा उत्तम पास झाले आणि घोडेस्वारीच्या चाचणीपायी बाहेर राहिले. त्यांचं पुढचं आयुष्य पाहता साम्राज्याला ही चाचणी फार महाग पडली.) मला महत्त्वाची वाटते ती भारतीय पुढाऱ्यांची त्या वेळची मागणी. १८८५ च्या पहिल्या काँग्रेसनं परीक्षा रद्द करा असं म्हटलं नाही. परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, वय वाढवा, असं म्हटलं. वशिल्याचा काळ त्यांना ठाऊक होता, म्हणून परीक्षा मोडायची नव्हती. ती मागणी मान्य व्हायला १९२२ उजाडलं. आजच्या नीटविरोधकांनी हा धडा घ्यायला हवा, कारण 'बंद करा' म्हणताना तिच्या जागी काय आणायचं ते ते सांगत नाहीत.

काय आणणार? बारावीचे गुण? महाराष्ट्रात ते करून झालंय. बारावीला कॉपी कुठल्या केंद्रावर कशी चालते, हे खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दर फेब्रुवारीत कॉपीमुक्त अभियान काढावं लागतं यातच सगळं आलं. मग मुलाखत? पाश्चात्य देशांत मुलाखतीचं फार कौतुक आहे, आणि छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा बरी ठरलीय. पण जुन्या गप्पावजा मुलाखतीचं काय झालं ते ह्यूस्टनला दिसलं. १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयानं मुलाखती घेऊन दीडशे विद्यार्थी निवडले. नंतर विधिमंडळानं जागा पन्नासनं वाढवायला लावल्या, तेव्हा आधी नाकारलेल्यांतून पन्नास घ्यावे लागले. पदवी मिळेपर्यंत दोन्ही गटांच्या कामगिरीत दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. तिथे निदान वशिला लावणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे १९८६ मध्ये मुलीचे एमडीचे गुण वाढवल्याच्या आरोपावरून एका मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. रावेरच्या पलीकडे, सीमा ओलांडली की व्यापमंचं, म्हणजे प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्याचं, राज्य लागतं. अशा मुलखात बंद दाराआड कोणी पाच जण 'व्यक्तिमत्त्व' बघून डॉक्टर निवडणार, ही कल्पनाच मला धडकी भरवते. नीटचा पेपरही फुटतो, २०२४ मध्ये ते दिसलं. पण फुटलेला पेपर हा निदान गुन्हा ठरतो; मुलाखतीतल्या मेहेरबानीला तेही नाव मिळत नाही.

तर परीक्षा हवी. मग ती सुरुवातीची तुलना, डावा कटऑफ आणि उजवा कटऑफ? त्या मजकुरात तिसरा रकाना कधीच नसतो, ही गंमत आहे. खाजगी महाविद्यालयातल्या संस्थात्मक कोट्याचा, जिथे गुणांची तूट काही पट फीनं भरून निघते, त्याचा कटऑफ तिथे कोणी टाकत नाही आणि त्या डॉक्टरकडून आईचं ऑपरेशन करून घ्याल का, असंही कोणी विचारत नाही. त्या सवालाचं सरळ उत्तर असं की ऑपरेशन करणारा माणूस नीट पास झालेला बारावीचा मुलगा नसतो. साडेचार वर्षं, नंतर वर्षभर इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमएस. त्या वाटेवर आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा आहेत आणि उत्तीर्ण होण्याची रेषा तिथे सगळ्यांना एकच आहे. ती रेषा ढिली असेल, तर बोंब तिच्याविरुद्ध मारा. खरं तर रेषा ढिली करण्याचं काम सरकारंच करतात: २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा नीट-पीजीची पात्रता सरसकट सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, म्हणजे परीक्षा दिली की पात्र. जागा भरायच्या तेव्हा शून्य चालतं, आणि आदिवासी मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र सव्वाशे गुणांच्या फरकानं देशाचं आरोग्य धोक्यात येतं!

आता यश कशाला म्हणायचं, तो राहिलेला प्रश्न. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत आदिवासी लोकसंख्या सुमारे सत्तर टक्के होती आणि साक्षरता राज्यात सगळ्यांत कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास. सातपुड्याच्या पाड्यांतून बांबूच्या झोळीत घालून पेशंट रस्त्यापर्यंत आणावा लागतो, नर्मदेकाठी बोटीचा दवाखाना लागतो, सिकलसेल आणि कुपोषण हे रोजचे विषय आहेत. तिथे डॉक्टर यशस्वी झाला असं केव्हा म्हणायचं? तो पीजीला वरच्या रँकनं लागला तेव्हा, की तो सातपुड्यातल्या मोलगीला टिकला तेव्हा? आत्तापर्यंतचे बहुतेक अभ्यास पहिल्या प्रकारचं यश मोजतात, कारण ते मोजायला सोपं आहे. गुणांचा गुणांशी संबंध लावला की तो निघतोच. दुसऱ्या प्रकारच्या यशाबद्दल जगभर जे वारंवार दिसलंय ते वेगळं आहे: ग्रामीण भागात वाढलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत अशा विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, ही ठळक शिफारस आहे. जपाननं त्याही आधी, १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घ्यायची, खर्च प्रांतानं करायचा, बदल्यात नऊ वर्षं आपल्या प्रांतात सेवा.

आमच्याकडे धुळ्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ मध्ये झालं, नंदुरबारला त्यानंतर. इमारती आमच्या जिल्ह्यात आल्या, विद्यार्थी मात्र राज्याच्या यादीतून येतात, आणि देशपातळीवरच्या १५ टक्के जागांतून देशभरातून. येऊ देत, त्याला हरकत नाही. पण यातले किती पुढे खान्देशात राहतात? पूर्वी राज्यात ७०:३० चं सूत्र होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी; ते २०२० मध्ये रद्द झालं. त्याबद्दल मराठवाडा आणि विदर्भ तावातावानं भांडले. खान्देशाला भांडायलाही जागा नव्हती, कारण त्या सूत्रात आम्ही 'उर्वरित महाराष्ट्र' होतो. अक्कलकुव्याचा मुलगा आणि कोथरूडचा मुलगा एका गठ्ठ्यात.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पात्रतेची रेषा ठरवा, आणि ती आजच्या ५० किंवा ४० पर्सेंटाइलपेक्षा वर असली तरी चालेल. ती कुठे असावी, हे अंदाजपंचे ठरवू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या परीक्षांचे निकाल आहेत, प्रवेश यंत्रणेकडे नीटचे गुण आहेत. नावं काढून टाकून हे दोन्ही जोडा आणि दरवर्षी जाहीर करा: किती गुणांच्या खाली पहिल्या वर्षी नापास होणाऱ्यांचं प्रमाण खरोखर वाढतं, आणि किती गुणांच्या वर फरक पुसला जातो. मग त्या रेषेच्या वर असलेल्यांतून तिन्ही जिल्ह्यांच्या शासकीय महाविद्यालयांतल्या काही जागा, आरक्षणाला हात न लावता, त्या-त्या जिल्ह्यात शिकलेल्यांना द्या.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: दाखले विकत मिळतात. मिळतात, रहिवासाच्या दाखल्यावर जागा दिल्या तर पुण्यातली अर्धी कुटुंबं कागदोपत्री तळोद्याला राहायला येतील. म्हणून कसोटी शाळेची हवी. तमिळनाडूनं २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या, तेव्हा सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकल्याची अट घातली. सात वर्षांची शाळा खोटी दाखवणं एका दाखल्यापेक्षा बरंच अवघड आहे. दुसरा आक्षेप: या मुलांना आत येऊन अभ्यास झेपणार नाही. काही जणांना पहिलं वर्ष जड जाईल, यात शंका नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं २००१ मध्ये साध्या सरकारी शाळांतल्या मुलांना कमी श्रेणींवर घेऊन सुरुवातीच्या अभ्यासासाठी एक वर्ष जास्त दिलं, सोबत शिकवणीचा आधार दिला, आणि त्यांतली बहुतांश मुलं डॉक्टर झाली. नंदुरबारला असं एखादं वर्ष, किंवा निदान पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजी आणि रसायनशास्त्राचा वेगळा तास, हे अशक्य आहे का? उलट बाजूनंही विचारा: बाहेरून आलेल्या किती मुलांना 'मनं पोट दुखस' म्हणणाऱ्या म्हातारीशी बोलता येतं, आणि त्यांच्यासाठी अहिराणीचा, भिलीचा तास कोण ठेवतंय?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: जिल्ह्यातला मुलगा तरी जिल्ह्यात कशावरून राहील? शहाद्याचा डॉक्टर नाशिकला फ्लॅट घेतोच की. बरोबर आहे, जन्मगाव ही हमी नाही, ती फक्त शक्यता वाढवते, जशी नीटही वाढवते. सेवेच्या बॉण्डनं आजवर तेवढंही झालेलं नाही. एक वर्षाची सेवा नाहीतर दहा लाख, हे ज्याच्या घरी दहा लाख होते त्याच्यासाठी बंधन नव्हतं, ती किंमत होती. जिल्ह्याच्या जागेवर येणाऱ्याकडून सेवेचा काळ मोठा घ्यावा, आणि पैसे भरून सुटण्याची खिडकी त्याच्यासाठी बंद असावी. पण त्या बदल्यात शासनालाही काही द्यावं लागेल: राहायला धड क्वार्टर, वेळेवर पगार, सेवेनंतर पीजीला राखीव जागा. हे न देता नुसती सक्ती केली, तर तो मुलगा हजेरी मोलगीला लावेल आणि प्रॅक्टिस तळोद्याला करेल.

राहिला चारित्र्याचा मुद्दा, जो मुलाखतवाले हटकून काढतात. अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या, पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ पदवीधरांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जुन्या फायली उघडल्यावर दिसलं की कारवाईशी सर्वांत घट्ट संबंध विद्यार्थिदशेतल्या बेजबाबदार वागण्याच्या नोंदींचा होता. प्रवेश परीक्षेतल्या कमी गुणांचाही संबंध निघाला, पण अगदी किरकोळ. म्हणजे माणूस कसा आहे हे दारात कळत नसलं तरी आत साडेचार वर्षांत कळतं, कोणीतरी लिहून ठेवलं तर. आपल्या महाविद्यालयांत रुग्णाशी उद्धट वागलेल्या, न तपासताच केसपेपर भरणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद होते का, आणि झाली तर परीक्षेच्या फॉर्मवर सही करताना कोणी ती उघडतं का? या नोंदवह्या उघडायला ना कायदा बदलावा लागतो, ना दिल्लीची परवानगी लागते. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या अधिष्ठात्यांना त्या पुढच्या सत्रापासून सुरू करता येतील.